कालवड भरवण्याआधी टेप, कोकरू विकण्याआधी हात

माण-खटाव असो वा आटपाडी-जत, आमच्या कमी पावसाच्या पट्ट्यात दावणीला दोन-चार संकरित गाई, त्यांच्या कालवडी आणि अंगणाच्या कडेला वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, वीस-पंचवीस मेंढ्या असलेली घरे पुष्कळ आहेत. अशा घराला दरवर्षी दोन निर्णय घ्यावे लागतात. कोणती कालवड केव्हा भरवायची, म्हणजे वळू किंवा रेतन देऊन गाभण करायची, हा पहिला आणि कोणते कोकरू केव्हा विकायचे हा दुसरा. पहिला निर्णय बहुतेक जण वयावरून घेतात आणि दुसरा घरातल्या पैशाच्या नडीवरून. माझेही अनेक वर्षे तेच चालले होते. दोन्ही निर्णय जनावराच्या अंगावरून घ्यायचे असतात हे उशिरा कळले आणि त्याची किंमतही मोजावी लागली, म्हणून ही पद्धत सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. परदेशात कालवडीची प्रजननक्षमता हा विषय मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गाईंच्या संदर्भातही येतो. महाराष्ट्रात गाईची कत्तल पूर्वीपासूनच बेकायदा आहे आणि २०१५ पासून बैल व वळूही त्या बंदीत आले आहेत. त्यामुळे आपल्याकडे कालवड पोसायची ती दुधासाठी आणि पुढच्या वेतासाठीच, आणि मांसाचा व्यवहार मेंढी-शेळीचा. शरीरशास्त्र मात्र दोन्हीकडे तेच राहते.

वय नव्हे, वजन

कालवड पहिल्यांदा माजावर येते ती वय भरले म्हणून नव्हे, तर शरीर एका टप्प्याला पोहोचले म्हणून. पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या सुमारे ४० ते ५० टक्के वजन झाले की माज सुरू होतो आणि ६० टक्क्यांच्या आसपास ती भरवण्यायोग्य होते. होल्स्टिन संकरित कालवडीसाठी हा आकडा साधारण २७० ते ३०० किलो, तर जर्सी संकरित कालवडीसाठी २२५ ते २५० किलो धरावा. जन्मताना २५ किलो असलेल्या वासराला २७५ किलोपर्यंत न्यायचे तर २५० किलो वाढ हवी. रोज सव्वापाचशे-साडेपाचशे ग्रॅम वाढ मिळाली तर हे काम पंधरा-सोळा महिन्यांत होते आणि रोज अडीचशे ग्रॅमच मिळाली तर त्याला अडीच वर्षांहून अधिक काळ लागतो. गावोगाव ‘कालवड माजावरच येत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हाच साधा हिशोब असतो.

वजनकाटा नसला तरी शिंप्याच्या टेपने काम भागते. सकाळी चारा टाकण्याआधी कालवड सपाट जागेवर चारही पाय सरळ करून उभी करावी. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत मोजावा आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत अंगाची लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, त्या आकड्याला लांबीने गुणावे आणि येईल त्याला ६६० ने भागावे, की किलोतले वजन मिळते. घेर ६० इंच आणि लांबी ५० इंच असेल, तर ६० गुणिले ६० म्हणजे ३६००, त्याला ५० ने गुणले की १,८०,०००, आणि भागाकार येतो २७३ किलोच्या आसपास. थोडाफार फरक पडू शकतो, पण दर महिन्याला त्याच हाताने, त्याच वेळी मोजले तर वाढ होते आहे की नाही हे नक्की कळते. महिन्याला पंधरा किलो वाढ दिसली नाही, तर त्याच महिन्यात कारण शोधावे. कालवड दीड वर्षाची झाल्यावर शोधायला बसलो की गेलेली वाढ सहसा भरून निघत नाही.

मापाचा उपयोग उलट बाजूनेही होतो. पेंड भरपूर घालून लठ्ठ केलेली कालवड गाभण राहायला त्रास देते, आणि वाढीच्या वयात कासेत चरबी साठली तर पुढे दूधही कमी देते. बरगड्या झाकलेल्या, पण हात फिरवला की जाणवणाऱ्या, असे अंग असावे.

खिल्लार कालवडीला हा हिशोब लावू नये. ती हळू वाढते आणि अडीच-तीन वर्षांनीच भरवण्यायोग्य होते, त्यामुळे तिची संकरित कालवडीशी तुलना करून तिला दोष देण्यात अर्थ नाही. खरसुंडी आणि पुसेगावच्या यात्रांमधून जे जनावर आपण डोळे भरून पाहतो, ते टिकवायचे असेल तर खिल्लार कालवडीला खिल्लार वळूच द्यावा, एवढे मात्र आग्रहाने सांगतो.

वाड्यांचा हंगाम

कऱ्हाड, वाळवा, पलूस भागात आणि पाणी पोहोचलेल्या दुष्काळी गावांतही कालवडीची वाढ खुंटते ती नेमकी गळीत हंगामात, म्हणजे चारा भरपूर दिसत असताना. ऊसतोड मजुरांकडून वाड्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या स्वस्तात मिळतात, त्यामुळे चार-पाच महिने गव्हाणीत दुसरे काही पडतच नाही. वाडे हिरवे दिसतात, जनावर आवडीने खाते, पोट भरते. पण त्यांत प्रथिने फार कमी असतात, आणि ऑक्झलेट असल्यामुळे शरीराला मिळायचे कॅल्शियम बांधले जाऊन शेणावाटे निघून जाते. फॉस्फरस मुळातच कमी असतो. फॉस्फरस, तांबे, जस्त आणि मँगनीज कमी पडले की माज उशिरा येतो, मुका येतो म्हणजे बाहेर लक्षणे दिसत नाहीत, किंवा भरवल्यानंतर कालवड पुन्हा पुन्हा उलटते, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येते.

माझ्या एका कालवडीची दोन मापे वहीत आजही आहेत. दिवाळीत तिचा घेर ४४ इंच आणि लांबी ३८ होती, म्हणजे वजन सुमारे १११ किलो. चार महिन्यांनी घेर ४६ आणि लांबी ३९ भरली, म्हणजे वजन १२५ किलो. चार महिन्यांत साठ किलो वाढायला हवी होती, ती चौदा किलो वाढली. त्या काळात तिची गव्हाण एक दिवसही रिकामी नव्हती आणि कातडीला चमकही बरी होती, त्यामुळे टेप लावला नसता तर मला काहीच कळले नसते.

वाडे बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण दुष्काळी भागात तो हुकमी चारा आहे. एकूण चाऱ्यात ते निम्म्यापेक्षा जास्त नसावेत, कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, आणि सोबत लसूणघास, मका किंवा मुरघास आणि थोडा कडबा असावा. सहा महिन्यांपुढच्या कालवडीला दीड ते दोन किलो आंबोण (दाणा-पेंडीचा खुराक) द्यावे आणि त्यात शेंगदाणा किंवा सरकी पेंडीचा भाग असावा, म्हणजे प्रथिनांची तूट भरून निघते. चांगल्या प्रतीचे खनिज मिश्रण रोज ३० ते ४० ग्रॅम, वर्षभर न चुकता द्यावे. माजाची वाट पाहण्याच्या महिन्यात डबा आणून पंधरा दिवस चारण्याने काही साधत नाही. जंतांचे औषध शेण तपासून घेऊन द्यावे. कृष्णाकाठच्या आणि पाटपाण्याच्या गावांत ओढ्या-चरांत गोगलगाई असतात, त्यांच्यामार्फत यकृतातल्या चपट्या कृमींची बाधा होते आणि नेहमीच्या जंतनाशकाने ती जाईलच असे नाही, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

इथे एक इशारा देतो, कारण एकाच अंगणात गाई आणि मेंढ्या असल्या की ही चूक हमखास होते. गाईंसाठीचे खनिज मिश्रण मेंढ्यांना चारू नये. त्यातले तांबे गाईला आवश्यक असते, पण मेंढीच्या यकृतात ते साठत जाते, आणि एके दिवशी धडधाकट दिसणारी मेंढी लाल लघवी करून दगावते. मेंढ्यांसाठी वेगळे मिश्रण मिळते, तेच आणावे आणि दोन्ही डबे वेगळ्या खोलीत ठेवावेत.

माज, भरवणे आणि उलटणे

वजन भरले तरी माज नजरेतून सुटला तर एकवीस दिवस वाया जातात. कालवडीचा माज बारा ते अठरा तासच टिकतो, बहुधा रात्री किंवा पहाटे सुरू होतो, आणि दावणीला बांधलेल्या जनावरात तो लपून राहतो. म्हणून पहाटे आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास वीस-वीस मिनिटे काही काम न करता गोठ्यात उभे राहावे, शक्य तर त्या वेळी कालवडी मोकळ्या सोडाव्यात. दुसरीने अंगावर उडी घेतली असता जी कालवड हलत नाही, ती खऱ्या माजावर असते. काचेसारखी लोंबणारी सोट (चिकट स्राव), सुजलेले निरण (योनिद्वार), ओरडणे, चारा कमी खाणे ही सोबतची लक्षणे. माज सकाळी दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावे, कारण माज संपल्यावर दहा ते चौदा तासांनी बीज सुटते.

माजानंतर एक-दोन दिवसांनी शेपटीला रक्ताचे डाग दिसले की अनेक जण घाबरतात किंवा त्याच दिवशी भरवायला धावतात. कालवडीत हे स्वाभाविक असते. माज होऊन गेला एवढाच त्याचा अर्थ, आणि त्या वेळी भरवून काहीही उपयोग नसतो. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि अठराव्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून पाहावे. चुकलेला माज पुढच्या खेपेला पकडण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

पहिल्या वेतासाठी वळू निवडताना केवळ दुधाचा आकडा पाहू नये. ज्याची वासरे लहान होतात आणि सहज प्रसूतीबद्दल ज्याची नोंद चांगली आहे, त्याच वळूची कांडी (रेतनासाठीची वीर्यमात्रा) मागावी. जर्सी रक्ताच्या, अरुंद पुठ्ठ्याच्या कालवडीला मोठ्या होल्स्टिन वळूचे रेतन केले तर वासरू अडते. मी एकदा २२० किलोची कालवड ‘माज फुकट जाऊ नये’ म्हणून अशी भरवली होती. वासरू ओढून काढावे लागले, ते मेलेले निघाले, आणि ती गाय पुढे दीड वर्ष गाभण राहिली नाही. लिंगनिश्चित वीर्यमात्रा वापरायची असेल तर ती कालवडीतच वापरावी, कारण गर्भधारणेचे प्रमाण साध्या वीर्यापेक्षा कमी असते आणि कालवडी मुळात लवकर राहतात. दोन-अडीच महिन्यांनी डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून घ्यावी. माज पुन्हा दिसला नाही म्हणून ती राहिलीच, असे गृहीत धरू नये.

वजन भरूनही अठरा-वीस महिन्यांत माज नसेल तर प्रजननसंस्थेची तपासणी आवश्यक आहे. खंडाळा तालुक्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अवघड जनावर तिथे नेता येते. अंगच न भरलेल्या कालवडीला मात्र माजाचे इंजेक्शन टोचून घेण्यात पैसे घालू नयेत. त्याने माज दिसेल, गर्भ टिकेलच असे नाही. आणि बाजारातून कालवड घेताना ती जुळ्यातली आहे का, जोडीला गोऱ्हा होता का, हे विचारल्याशिवाय इसार देऊ नये. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या दहा कालवडींपैकी नऊ किंवा अधिक कायमच्या वांझ असतात, कारण गर्भाशयातच दोघांचे रक्त एकमेकांत मिसळून तिची जननेंद्रिये अपुरी राहतात. हे न विचारता घेतलेली एक देखणी कालवड मी अडीच वर्षे पोसली आहे.

सांसर्गिक गर्भपाताची लस मादी वासराला चार ते आठ महिन्यांच्या वयातच, आयुष्यात एकदा दिली जाते. ही मुदत टळली की ती देता येत नाही, म्हणून वासरू चार महिन्यांचे होताच दवाखान्यात नाव नोंदवावे.

कोकराच्या पाठीवरचा हात

आता मेंढ्यांकडे वळतो. आमच्याकडे दोन प्रकारची मेंढी आहे. काटक, काळ्या-करड्या लोकरीची दख्खनी, आणि जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून नाव पडलेली उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची, बाकदार नाकाची माडग्याळ. माडग्याळचे कोकरू झपाट्याने वाढते, दख्खनीचे सावकाश. म्हणून दोन्हींना एकच वय किंवा एकच वजन लावणे बरोबर नाही. माडग्याळ नराला हौशी लोक नाकाच्या बाकासाठी मोठी किंमत देतात, तो बाजार निराळा. मांसासाठी कोकरू पाहताना नाकाकडे पाहायचे कारण नाही.

कोकरू कापणीला तयार आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, कारण लोकर फसवते आणि जंतांनी फुगलेले पोटही फसवते. चरायला सोडण्यापूर्वी कोकरू दोन गुडघ्यांमध्ये धरावे. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर, तळहात ठेवावा. अंगठा कण्यावर आणि चार बोटे आडव्या हाडांच्या टोकांवर येतील असा. आता दुसऱ्या हाताची मूठ आवळून बोटांच्या पेरांवरून बोट फिरवून पाहावे. कंबर तशी खडबडीत लागली, तर कोकरू कच्चे आहे. मूठ उघडून पंजाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवावे, तिथे हाडे जाणवतात पण टोचत नाहीत. कंबर तशी लागली की कोकरू तयार झाले. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो मऊ उंचवटा असतो, तशी ती लागली तर चरबी चढू लागली आहे आणि इथून पुढचा खुराक मांसात न जाता चरबीत जातो. दहा कोकरांवर एकदा हा हात बसला की नंतर अंधारातही चुकत नाही.

त्याच वेळी खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. ती लालसर हवी. पांढुरकी असेल, किंवा जबड्याखाली पाणी उतरलेले असेल, तर रक्त पिणारे जंत झाले आहेत. असे कोकरू बाजारात नेऊन पडत्या भावात देण्यापेक्षा औषध देऊन दोन महिने ठेवणे फायद्याचे ठरते. मात्र औषध दिल्यावर वेष्टनावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय ते कापणीसाठी विकू नये. खाणाऱ्याच्या पोटात औषध जाऊ न देणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे आणि ती मी फार गंभीरपणे घेतो.

वय दातांवरून पाहावे. पुढचे कायमचे दोन दात सव्वा वर्षाच्या आसपास येतात, तोवर कोकरू आदत. मांसाला आदत कोकरूच सर्वांत चांगले. बकरी ईदच्या गिऱ्हाइकाला मात्र साधारण वर्षाचा, निर्दोष नर हवा असतो. शिंग मोडलेले, कान कापलेला किंवा लंगडा चालत नाही. म्हणून ओळखीसाठी कोकराचा कान कातरण्याची सवय सोडावी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, त्यानुसार कोणत्या महिन्यातली पिल्ले त्या वेळी वर्षाची होतील याचा हिशोब आधीच करता येतो. जत्रांचे दिवस आणि श्रावणाआधीचा आषाढ हाही तेजीचा काळ, श्रावणात भाव उतरतात.

विक्रीआधी दोन-अडीच महिने खुराक द्यायचा असेल तर रोज ५० ग्रॅमपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत २५० ते ३०० ग्रॅमपर्यंत न्यावे. एकदम दाणे टाकले, किंवा पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर उपाशी कोकरे सोडली, तर आंत्रविषाराने कळपातले सर्वांत जोमदार कोकरूच रात्रीत मरते. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचणे आणि चौदा दिवसांनी तिची दुसरी मात्रा देणे चुकवू नये. दाण्यावरच्या नर कोकरांना मूतखडा होतो, म्हणून मीठ आणि स्वच्छ पाणी नेहमी समोर असावे. दर पंधरवड्याला ताणकाट्यावर वजन घ्यावे. पाठ भरली आहे आणि पंधरवड्यात दीड किलोही वाढ नाही, असे दिसले की थांबण्यात तोटा आहे.

विकताना नगावर नव्हे, किलोवर बोलावे. उपरण्याखाली बोटे दाबून उक्ता सौदा करणारा व्यापारी रोज शंभर कोकरांच्या पाठीवर हात फिरवतो. आपण आपल्या कोकराचे वजन न करताच तिथे उभे राहिलो, तर नुकसान आपलेच होते. तीस किलोच्या कोकरातून चौदा-पंधरा किलो मटण निघते, हा आकडा डोक्यात असला की भाव बोलता येतो. बाजाराला नेताना उन्हाची वेळ टाळावी, गाडीत दाटी करू नये आणि पाणी दाखवूनच चढवावे. वजन वाढवण्यासाठी मीठ चारून पाणी पाजण्याचा प्रकार जनावराला क्लेश देणारा आहे, तो कोणी करू नये.

कोणते विकू नये

आमच्या भागात सर्वांत मोठी चूक निवडीची होते आणि ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कळपातले जे नर कोकरू सर्वांत मोठे, त्यालाच गिऱ्हाईक आधी हात घालते आणि आपणही चार पैसे जास्त मिळतात म्हणून तेच देतो. मागे राहिलेल्या, कोणी न घेतलेल्या नरांपैकी एखादा कळपात फिरतो आणि तोच पुढच्या सगळ्या कोकरांचा बाप होतो. अशा रीतीने हळू वाढणारे रक्त आपणच दरवर्षी पुढे नेतो. म्हणून तीन महिन्यांचे वजन घेतल्यावर वरचे दोन-तीन नर बाजूला काढावेत आणि सात-आठ महिन्यांचे होईपर्यंत कितीही भाव आला तरी विकू नयेत. त्यांतून दोन्ही वृषण सारखे आणि घट्ट, जबडा वर-खाली नसलेला, पाय सरळ असा एक नर ठेवावा आणि उरलेले तेव्हा विकावेत. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक नर पुरतो, मात्र दोन वर्षांनी तो बदलावा, नाहीतर तो आपल्याच लेकींवर फिरू लागतो.

वजने पाहताना जुळ्याला एकट्याच्या मापाने तोलू नये. एकटे कोकरू तेरा किलो आणि जुळ्यातले अकरा किलो असेल, तर अर्ध्या दुधावर अकरा किलो करणारे अनेकदा रक्ताने सरस असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. ज्यांच्याकडे दोन कोकरांना पुरेल एवढा चारा आहे त्यांनी त्या रक्ताचा नर जरूर पाहावा. ज्यांचा कळप निव्वळ माळावर जगतो, त्यांनी आधी चाऱ्याची सोय करावी, कारण दोन कोकरे पाजून मेंढी खंगली तर पुढचे वेत जाते.

वहीत प्रत्येक कोकराच्या नावापुढे आईचा क्रमांक, जन्मतारीख, एकटे की जुळे, तीन महिन्यांचे वजन आणि विकले त्या दिवशीचे वजन व भाव लिहावा. ज्या मेंढीची कोकरे सलग दोन वेतांत सर्वांत उशिरा पाठ भरतात, तिलाही तिच्या पुढच्या कोकराबरोबर बाजार दाखवावा, पण पोट तपासून. गाभण मेंढी कापणीला जाता कामा नये.